न भेटलेली, तरी ओळखीची माणसे: रेडिओवर गप्पा मारणारे आपले कसे होतात?

रेडिओवरच्या गप्पांच्या कार्यक्रमातला जुना निवेदक बदलला की केंद्राकडे तक्रारींची रीघ लागते. कार्यक्रमाची वेळ तीच असते, विषय तेच असतात, नवा निवेदक कदाचित अधिक तयारीचाही असतो. तरीही श्रोते कळवतात की घरातले कोणी दूर गेल्यासारखे वाटते आहे. नेहमीचा एखादा पाहुणा दोन-तीन आठवडे आला नाही, तर 'त्यांची तब्येत बरी आहे ना?' अशी चौकशी सुरू होते. चौकशी करणाऱ्याने त्या पाहुण्याला कधी पाहिलेले नसते, आणि असा कोणी चौकशी करणारा जगात आहे याची त्या पाहुण्याला कल्पनाही नसते. रेडिओ न ऐकणाऱ्याला हा सगळा प्रकार थोडा हास्यास्पद वाटतो.

२०२५ साली केंब्रिज शब्दकोशाने 'पॅरासोशल', म्हणजे कधी न भेटलेल्या माणसाशी एकाच बाजूने जुळणारे नाते सांगणारा शब्द, हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला. तेव्हा चर्चा झाली ती मुख्यतः समाजमाध्यमांवरच्या ताऱ्यांची आणि संगणकाशी होणाऱ्या संवादाची. रेडिओचे नाव फारसे कोणी घेतले नाही. वास्तविक या नात्याची पहिली ठळक उदाहरणे रेडिओनेच पुरवली, आणि बोलक्या रेडिओवर ते आजही सर्वांत स्वच्छ रूपात पाहायला मिळते.

हे नाते नेमके कोणते?

१९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि आर. रिचर्ड वोल या दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी 'सायकिअॅट्री' या नियतकालिकात एक निबंध लिहिला. रेडिओ आणि तेव्हा नव्याने घरोघरी येऊ लागलेला दूरचित्रवाणी संच यांवरची माणसे प्रेक्षक-श्रोत्यांशी समोरासमोर बोलल्यासारखे बोलतात, आणि ऐकणाराही मनातल्या मनात त्यांना प्रतिसाद देत राहतो, हे त्यांचे निरीक्षण होते. यातून जी जवळीक तयार होते, तिला त्यांनी 'पॅरासोशल' म्हटले. म्हणजे नात्याची जवळपास सगळी लक्षणे असलेले, पण एकाच बाजूने चालणारे नाते. आपण यापुढे त्याला एकतर्फी ओळख म्हणू.

कट्ट्यावर रोज जमणाऱ्या मंडळींमध्ये एखादा असा असतो की जो कधी तोंड उघडत नाही. कोण कुणाची फिरकी घेतो, कोणता विषय निघाला की कोण चिडतो, कुणाचा किस्सा आता तिसऱ्यांदा सांगून होतो आहे, हे सगळे त्याला ठाऊक असते. तो मनातल्या मनात बाजू घेतो, इतरांच्या आधी हसतो, आणि एक दिवस गैरहजर राहिला तर काहीतरी चुकल्यासारखे त्याला वाटते. रेडिओचा श्रोता म्हणजे हाच अबोल गडी. फरक एवढाच की कट्ट्यावरच्या मंडळींना तो दिसत असतो, रेडिओवरच्यांना दिसत नाही. पण हा फरक लहान नाही. पुढचे सगळे प्रश्न त्यातूनच निघतात.

हॉर्टन आणि वोल यांनी दिलेल्या उदाहरणांमध्ये 'लोन्सम गॅल' नावाच्या अमेरिकी रेडिओ कार्यक्रमाचे उदाहरण टोकाचे आहे. एक स्त्री आपले नाव न सांगता, हळू आवाजात, एकट्या पुरुष श्रोत्याशी थेट बोलत असे, जणू तो तिचा प्रियकर आहे. या अज्ञात बाईला लग्नाच्या मागण्या घालणारी पत्रे ढिगाने येत. ती लोकांसमोर आली तर चेहऱ्यावर मुखवटा घालून येई. गंमत अशी की, ती वेगवेगळ्या शहरांतल्या केंद्रांसाठी वेगवेगळे ध्वनिमुद्रण करी आणि प्रत्येकात त्या त्या शहरातल्या ओळखीच्या जागांचा उल्लेख पेरत असे, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटे की बाई आपल्याच गावात राहतात. जवळीक ही हिशेबाने रचता येते, हे त्या काळीही रेडिओवाल्यांना पक्के माहीत होते.

आवाजात असे काय असते?

मायक्रोफोन येण्यापूर्वी अनेकांना एकदम ऐकू जाईल असे बोलायचे तर आवाज चढवावा लागे, आणि चढवलेला आवाज हा भाषणाचा किंवा भांडणाचा असतो. मायक्रोफोनमुळे कुजबुज लाखो घरांत पोहोचू लागली. शिवाय एकाच बाजूचा आवाज टिपणाऱ्या मायक्रोफोनजवळ तोंड नेले की खर्जाचा भाग उठून येतो, आणि बोलणारा कानापाशी येऊन बोलतो आहे असा भास होतो. आपल्या कानाच्या इतक्या जवळ येऊन बोलण्याची मुभा आपण प्रत्यक्षात फार थोड्या माणसांना देतो.

बोलण्याची पद्धत मात्र शिकावी लागली. बीबीसीच्या भाषण विभागाच्या पहिल्या प्रमुख हिल्डा मॅथेसन यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस हे ओळखले की सभेत करायचे भाषण किंवा छापायचा लेख रेडिओवर वाचून दाखवला तर तो पडतो. एका माणसाशी बोलतो आहोत असे समजून बोला, असा त्यांचा आग्रह असे, आणि नामवंत वक्त्यांकडूनही त्या तशी तालीम करून घेत. आजही अनेक निवेदक 'तुम्ही सर्वजण' यापेक्षा एकाच श्रोत्याला उद्देशून 'तुम्ही' असे म्हणणे पसंत करतात, ते याच शिकवणीला धरून आहे.

आवाजावरून माणूस जोखण्याची आपली घाईही इथे कामी येते. ग्लासगो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली लोकांना अनोळखी आवाजांत केवळ 'हॅलो' हा एक शब्द ऐकवला. अर्ध्या सेकंदाहून कमी वेळात ऐकणाऱ्यांनी हा माणूस विश्वासू आहे की नाही, वरचढ वृत्तीचा आहे की नाही, याविषयी मत बनवले, आणि निरनिराळ्या लोकांची मते एकमेकांशी बरीचशी जुळली. ती मते खरी होती का, हा प्रश्न वेगळा. मत तत्काळ आणि ठामपणे बनते, एवढे यातून दिसते. मग तोच आवाज वर्षानुवर्षे ठरल्या वेळी, आपण कपड्यांच्या घड्या घालत असताना किंवा गाडी चालवत असताना सोबत राहिला, तर ते मत घट्ट होत जाते. एखादी गोष्ट निव्वळ पुन्हापुन्हा समोर आली तरी ती आवडू लागते, हे रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवले होते. त्यासाठी ती गोष्ट विशेष गुणांची असावी लागतेच असे नाही.

इथे चेहरा नसल्याचाही फायदा होतो. श्रोता आपल्या मनाजोगता चेहरा घडवतो, आणि म्हणूनच आवडत्या निवेदकाचे छायाचित्र पहिल्यांदा पाहिल्यावर बहुतेकांची थोडी निराशा होते.

नेहमीच्या पाहुण्यांशिवाय हे का जमत नाही?

निवेदकाविषयीच्या ओढीची चर्चा पुष्कळ होते, पाहुण्यांची कमी. माझ्या मते खरी मेख पाहुण्यांतच आहे.

एकट्याने बोलणारा माणूस आपल्याला जेवढे सांगतो तेवढाच कळतो. तो दुसऱ्याशी बोलू लागला की न सांगितलेलेही कळू लागते. आपल्यापेक्षा जाणत्या माणसापुढे तो नमते घेतो का, टोमणा सहन करतो का, पाहुण्याचे बोलणे लांबले की त्याला हळूच कसा आवरतो, एखादा दुखरा विषय निघाला की आवाज कसा बदलतो. या गोष्टींवरून आपण प्रत्यक्ष आयुष्यातही माणूस ओळखतो. हॉर्टन आणि वोल यांनी हे नेमके हेरले होते: निवेदक आपल्या सहकाऱ्यांना पहिल्या नावाने किंवा टोपणनावाने हाक मारतो, त्यांच्या सवयींची थट्टा करतो, आणि या खेळीमेळीच्या वर्तुळात ऐकणाराही ओढला जातो. टोपणनाव कुठून आले हे ज्याला ठाऊक, तो आतला, बाकीचे बाहेरचे.

याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे बीबीसीचा 'ब्रेन्स ट्रस्ट'. महायुद्धाच्या धामधुमीत, जानेवारी १९४१ मध्ये तो सुरू झाला. श्रोत्यांनी टपालाने पाठवलेले प्रश्न विचारले जात, आणि उत्तरे देणाऱ्यांना ते आधी दाखवलेले नसत. सुरुवातीच्या काळातले नेहमीचे तीन चेहरे, किंवा खरे तर तीन आवाज, एकमेकांहून अगदी निराळे होते. ज्युलियन हक्सली हे जीवशास्त्रज्ञ, मोजके आणि काटेकोर. सी. ई. एम. जोड हे तत्त्वज्ञानाचे अध्यापक, ज्यांचे उत्तर बहुतेकदा 'या शब्दाचा तुम्ही काय अर्थ घेता त्यावर ते अवलंबून आहे' असे सुरू होई. आणि कमांडर ए. बी. कॅम्पबेल हे दर्यावर्दी, ज्यांच्याकडे कोणत्याही प्रश्नावर दूरदेशीचा एखादा अचाट किस्सा तयार असे.

हे तिघे लोकांच्या घरातले कसे झाले असतील, हे ओळखणे अवघड नाही. प्रश्न वाचला जाताच श्रोता मनात अंदाज बांधू लागतो: आता जोड शब्दाची चिरफाड करणार, हक्सली पुरावा मागणार, कॅम्पबेल गोष्ट सांगणार. अंदाज खरा ठरला की मित्राला ओळखल्याचे समाधान मिळते, चुकला की मित्राने चकवल्याची मजा. ज्ञानाची भूक हे कारण होतेच, पण निव्वळ ज्ञानासाठी तेच तेच तिघे असण्याची गरज नसते. दर आठवड्याला त्या त्या विषयाचा सर्वोत्तम तज्ज्ञ बोलावला असता तर उत्तरे बहुधा अधिक अचूक मिळाली असती, आणि कार्यक्रम इतका आवडता मात्र झाला नसता. नेहमीच्या पाहुण्याचे काम माहिती देणे हे आहेच. त्याहून मोठे काम म्हणजे त्याच प्रकारे पुन्हा पुन्हा हजर असणे.

यावरून एक गोष्ट कळते. वर्तुळातला एक जण गेला की उरलेल्यांचे बोलणेही बदलते. ज्याची थट्टा करायची तोच नाही, तर थट्टा करणारा अर्धा राहतो. बदललेल्या कार्यक्रमाविषयी 'पूर्वीची मजा राहिली नाही' असे श्रोते म्हणतात, तेव्हा ते स्मरणरंजन नसून बरेचदा अचूक निरीक्षण असते.

'पण फोन करता येतो की! मग ते एकतर्फी कसे?'

हा आक्षेप रास्त आहे. गप्पांच्या रेडिओत श्रोता फोन लावतो, पत्र पाठवतो, कधी त्याचे नावही वाचले जाते. परंतु फोन लावणाऱ्याचे बोलणे सहसा थेट निवेदकापर्यंत जात नाही. आधी एक सहकारी त्याला विषय विचारतो, तो नीट बोलू शकतो का हे पाहतो, आणि मग त्याला रांगेत थांबवतो. प्रक्षेपण काही सेकंद मागे ठेवलेले असते, म्हणजे आक्षेपार्ह काही निघाले तर ते गाळता येते. म्हणूनच फोनवाल्याला 'घरातला रेडिओ बंद करा' असे सांगावे लागते, कारण त्याला स्वतःचाच आवाज मागाहून ऐकू येऊन तो गोंधळतो. संवादाची दोरी एका बाजूच्याच हाती असते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

तरीही फोन लागलेल्या माणसाचे पहिले वाक्य ऐकण्यासारखे असते: 'बरीच वर्षे ऐकतो आहे, फोन मात्र पहिल्यांदाच करतो आहे.' अनेक देशांत, अनेक भाषांत हेच वाक्य येते. त्यातून तो आपली ज्येष्ठता नोंदवतो, आणि इतके दिवस गप्प बसल्याबद्दल जणू माफीही मागतो. अनोळखी माणसाशी बोलताना असे कोणी म्हणत नाही. शिवाय तो बोलतो तेव्हा गप्प बसून ऐकणारे इतर हजारो जण त्याच्यात स्वतःला पाहतात. नाते निवेदकाशी एकतर्फी असले, तरी श्रोत्याश्रोत्यांमध्ये काहीतरी खरे आकाराला येऊ शकते.

ते किती खरे, याचा दाखला १९५६ साली न्यू यॉर्कमध्ये मिळाला. जीन शेफर्ड हे तिथल्या रेडिओवर रात्री उशिरा एकटेच गप्पा मारत. रात्री जागणारी माणसे आणि दिवसा जगाचा कारभार हाकणारी माणसे यांत फरक असतो, असे ते श्रोत्यांना सांगत. एकदा त्यांनी सुचवले की अस्तित्वातच नसलेल्या एका कादंबरीची पुस्तकांच्या दुकानांत जाऊन मागणी करू या. श्रोत्यांनी ते इतके मनावर घेतले की दुकानदार पुस्तक शोधू लागले, आणि अखेर एका प्रकाशकाने त्याच नावाची खरी कादंबरी लिहवून घेऊन बाजारात आणली. एकमेकांना कधीही न भेटलेले श्रोते एका गुपितात सामील झाले होते.

एकाकी माणसांचाच हा विरंगुळा आहे का?

असा समज सर्वत्र आहे, आणि हॉर्टन-वोल यांनीही एकाकी माणसांचा विशेष विचार केला होता. प्रत्यक्ष मोजणी झाली तेव्हा चित्र तितके सरळ दिसले नाही. ॲलन रुबिन, एलिझाबेथ पर्स आणि रॉबर्ट पॉवेल यांनी १९८५ मध्ये स्थानिक बातम्या सांगणाऱ्या दूरचित्रवाणी निवेदकांविषयी प्रेक्षकांना वाटणारी जवळीक मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली. त्यांच्या पाहणीत एकाकीपणा आणि ही जवळीक यांचा संबंध आढळला नाही. ज्यांना खऱ्या आयुष्यात माणसांची आवड असते, त्यांना आवाजातली माणसेही आवडतात, असे म्हणणे अधिक योग्य वाटते. एकट्या राहणाऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या किंवा रात्रपाळी करणाऱ्या माणसाला रेडिओचा आधार जास्त वाटतो, हे खरेच. पण आधार जास्त वाटणे आणि ओढ फक्त त्यांनाच असणे, या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

विश्वास कुठवर ठेवावा?

इथे विषय गंभीर होतो. २१ सप्टेंबर १९४३ रोजी अमेरिकेत केट स्मिथ या लोकप्रिय गायिका-निवेदिकेने युद्धरोखे (युद्धखर्चासाठी सरकारने काढलेले कर्जरोखे) विकत घेण्याचे आवाहन सीबीएस रेडिओवरून सकाळी आठपासून रात्री दोनपर्यंत, अठरा तास, पुन्हा पुन्हा केले. एका दिवसात सुमारे ३ कोटी ९० लाख डॉलरच्या रोख्यांची हमी मिळाली. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी ऐकणाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा लोकांनी रोख्यांच्या फायद्यांपेक्षा केटच्या कळकळीविषयीच अधिक सांगितले. ती थकत चालली आहे, तरी बोलते आहे. म्हणजे ती मनापासून बोलते आहे, असा त्यांचा तर्क होता. फसव्या जाहिरातबाजीला विटलेल्या लोकांना खरेपणा हवा होता आणि तो त्यांना तिच्या दमलेल्या आवाजात सापडला. मर्टन यांनी यातला धोकाही सांगितला: दुसऱ्याला वळवण्यासाठी आपुलकीचा देखावा करणे, आणि ते सर्रास होऊ लागल्यावर खऱ्या आपुलकीवरचाही विश्वास उडणे.

रोखे हे देशकार्य होते, म्हणून या उदाहरणात टोचत नाही. पण हीच यंत्रणा गादी, औषध, गुंतवणूक आणि राजकीय मत विकायलाही चालते. निवेदकाने स्वतःच्या तोंडाने, गप्पांच्या ओघात वाचलेली जाहिरात प्रायोजक मुद्दाम मागून घेतात, ते उगाच नव्हे. २००० साली रुबिन आणि मेरी स्टेप यांनी गप्पांच्या रेडिओच्या श्रोत्यांचा अभ्यास केला. ज्यांना निवेदकाविषयी अधिक जवळीक वाटत होती, ते ठरवून आणि वारंवार ऐकत, निवेदकाला माहितीचा महत्त्वाचा स्रोत मानत, आणि त्याच्यामुळे आपल्या विचारांवर व वागण्यावर परिणाम होतो असेही सांगत.

नेहमीच्या पाहुण्याच्या बाबतीत गफलत आणखी सहज होते, कारण तो तज्ज्ञ म्हणून आलेला असतो आणि मित्र म्हणून राहतो. हृदयाच्या डॉक्टरांना श्रोते हळूहळू मुलांच्या शिक्षणाबद्दल विचारू लागतात, आणि डॉक्टरही उत्तर देतात. जोड यांना सगळे 'प्रोफेसर' म्हणत, प्रत्यक्षात ते त्या पदावर कधीच नव्हते. पुढे एप्रिल १९४८ मध्ये तिकिटाविना रेल्वे प्रवास केल्याबद्दल आणि कुठे चढलो हे तपासनिसाला खोटे सांगितल्याबद्दल त्यांना २ पौंड दंड झाला. दंड किरकोळ, पण बातमी पहिल्या पानांवर गेली आणि बीबीसीने त्यांना कार्यक्रमातून काढले. विद्यापीठातल्या एखाद्या अपरिचित अध्यापकाला हीच शिक्षा झाली असती तर कोणी वाचलीही नसती. जोड यांच्या तत्त्वज्ञानातले एकही वाक्य त्या दंडामुळे चुकीचे ठरत नव्हते. फसवणूक झाल्याची भावना ओळखीच्या माणसाकडून झालेल्या फसवणुकीची होती.

व्यवहारात पाळण्याजोगी कसोटी साधी आहे. सोबत, विनोद, विचार करण्याची रीत यांसाठी या माणसांवर विसंबायला हरकत नाही. पैसा, प्रकृती आणि मत यांबाबत ते जे सांगतात, ते अनोळखी माणसाने सांगितले असते तर आपण काय विचारले असते, तेवढे तरी विचारावे. आवाज ओळखीचा आहे हे पुराव्याच्या बाजूला लिहायचे नसते.

ते गेल्यावर काय होते?

आवडता कार्यक्रम बंद पडल्यावर होणाऱ्या दुःखाचाही अभ्यास झाला आहे. योनाथन कोहेन या इस्रायली संशोधकाने दूरचित्रवाणीवरच्या लाडक्या पात्रांपासून होणाऱ्या अशा ताटातुटीकडे पाहिले. प्रत्यक्ष आयुष्यातही जे माणसांना घट्ट धरून राहतात, सोडून जाण्याची धास्ती बाळगतात, त्यांना इथेही जास्त त्रास होईल असे आढळले. खऱ्या वियोगाइतके हे दुःख तीव्र नसते, पण ते त्याच मुशीतले असते. त्यात एक अडचण अधिकची: सांत्वनाला कोणी येत नाही, कारण गेलेला माणूस तुमचा कोण, याला उत्तर नसते.

केंद्रांनी यावर निरनिराळे उपाय योजले. टॉम आणि रे मॅग्लिओझी हे दोघे भाऊ अमेरिकेच्या सार्वजनिक रेडिओवर 'कार टॉक' या कार्यक्रमात मोटारदुरुस्तीचा सल्ला देत. सल्ल्याइतकेच त्यांचे एकमेकांना चिडवणे आणि टॉम यांचे अनावर हसणे यासाठी तो ऐकला जाई. २०१२ मध्ये त्यांनी नवे भाग करणे थांबवले, २०१४ मध्ये टॉम वारले, आणि त्यानंतरही जुने भाग पुनःप्रक्षेपित होत राहिले. ज्या मोटारींविषयी ते बोलत होते त्या रस्त्यांवरून कधीच नाहीशा होऊ लागल्या होत्या. सल्ला कालबाह्य झाला, भावांचे बोलणे झाले नाही.

रश लिंबॉ यांचे प्रकरण व्यापाराच्या अंगाने अधिक बोलके आहे. १९८८ पासून अमेरिकाभर ऐकले जाणारे हे राजकीय निवेदक फेब्रुवारी २०२१ मध्ये वारले. त्यांची मते अनेकांना पटत नसत, आणि तरीही न चुकता ऐकणाऱ्यांत असेही काही असत, कारण भांडण हीदेखील सवयीची सोबत असते. त्यांच्या जागी लगेच कोणाला बसवण्याऐवजी प्रसारकांनी चार महिने त्यांचीच जुनी ध्वनिमुद्रणे लावली, आणि मधला दुवा जोडायला श्रोत्यांच्या ओळखीचे बदली निवेदक आणले. जून २०२१ मध्ये त्या वेळेला नवा कार्यक्रम आला, तो एकाच्या नव्हे तर दोघांच्या नावाने.